भुताच्या नावावरची दहा मिनिटं

सेटवर तिला सगळे घारमावशी म्हणायचे. पेला कुठल्या हातात होता, ओढणी कुठल्या खांद्यावर होती, मेणबत्ती किती बोटं जळली होती, ते वहीत टिपायचं आणि पुढच्या शॉटला सगळं जसंच्या तसं आहे ना ते बघायचं, हे तिचं काम. त्याला कंटिन्युइटी म्हणतात. म्हटलं तर सोपं. पण चुकलं की अख्ख्या थिएटरसमोर अब्रूचे धिंडवडे. तीस वर्षांत तिची चूक कुणाला सापडली नव्हती. नाही म्हणायला एक झाली होती, पण तिला कुणी चूक म्हणायलाच तयार नव्हतं.

त्याचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी तिनं एका भुताच्या सिनेमाचं काम केलं. त्यात नायिका एका खोलीत शिरते ती थेट जुन्या काळात पोचते, आणि तिथं एका बाईचं भूत तिची वाटच बघत बसलेलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात चार दहा. दार धाडकन लागतं, नायिका वळते, तर घड्याळात चार वीस! मधली दहा मिनिटं गेली कुठं? प्रेक्षकांनी डोकी खाजवली आणि शेवटी ठरवलं, भुतानं खाल्ली. दिग्दर्शकाला विचारलं की तो नुसता गालातल्या गालात हसायचा. लबाड! घड्याळ पुढं गेल्याचं त्याला स्वतःला थिएटरात बसल्यावर कळलं होतं. पण लोक आपणहून शहाणा म्हणत असतील तर नको कोण म्हणतो?

खरी गोष्ट एवढीच, की घड्याळ चालतं होतं आणि प्रत्येक शॉटआधी काटे मागं घ्यायचं काम मावशीचं होतं. त्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. एरवी ती "कामात आहे गं" म्हणून ठेवून द्यायची. त्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, जिन्यात जाऊन बसली आणि बोलत राहिली. परत आली तोवर शॉट उरकला होता. तिसऱ्या दिवशी आई गेली.

आता दुसरा भाग निघाला, तोच मुळी त्या दहा मिनिटांवर. तीच खोली पुन्हा उभी केली, तेच घड्याळ टांगलं. त्या वेळात खोलीत काय घडलं ते सलग, न थांबता, एका दमात दाखवायचं होतं. शॉटच्या आधी, सिनेमा कसा बनतो त्याचं चित्रण करणारा कॅमेरावाला आला. दिग्दर्शकानं मावशीला हाक मारली.

"मावशी, सांगा याला, आपण तेव्हा घड्याळ कसं मुद्दाम पुढं केलं ते."

नुसतं "हो" म्हणायचं होतं. सांभाळलेलं नाव शाबूत, दिग्दर्शकही खूश. मावशीनं तोंड उघडलंसुद्धा. पण आईची दहा मिनिटं भुताच्या नावावर चढवायची? जीभच रेटेना.

"मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "माझी चूक होती. आईचा फोन आला होता. मी बोलत बसले."

दिग्दर्शकाचं तोंड बघण्यासारखं झालं. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

कुणीतरी मागून हसलं आणि लगेच खोकलं. "तेवढं कापून टाक," दिग्दर्शक कॅमेरावाल्याला म्हणाला आणि दिवे बघायला निघून गेला.

भूत झालेली नटी तोंडाचा रंग निघू नये म्हणून नळीनं चहा ओढत बसली होती. तिनं हळूच विचारलं, "काय म्हणाली हो आई?"

"काही नाही गं. कढईचा कान निघाला म्हणाली. शेजारीण जिन्यात खुर्ची टाकून बसते, येता-जाता अडखळायला होतं म्हणाली. मग म्हणाली, ठेवते बाई आता, तुझं काम असेल."

नटीनं चहा खाली ठेवला.

शॉट काही एका फटक्यात झाला नाही. एकदा दिवा गेला, एकदा भूत शिंकलं, एकदा नायिका वाक्य विसरली. चौथ्याला जमलं. दर वेळी सुरू करण्याआधी मावशी स्टुलावर चढली आणि तिनं काटे फिरवून चार दहावर आणून ठेवले. आणि चारही वेळा ओठांतल्या ओठांत म्हणाली, "ठेवू नकोस गं, बोल. मला काही काम नाही."