सात देशांतल्या सात चाव्या

भित्र्या माणसाकडे किस्से जरा जास्तच जमतात. धीट माणूस प्रसंग झाला की विसरून जातो. मी मात्र जेवताना, अंघोळ करताना तोच तो घोळवत बसतो. त्यातून आमचं कामच असं की रोज नवी धडकी!

सदर भागात चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. आम्ही तिघं: प्रमोदभाऊ, सुजाता आणि मी. ब्लॉकचेन म्हणजे अनेकांकडे एकसारखी असलेली नोंदवही. एकट्याला तिच्यात खाडाखोड करता येत नाही. पण ती फार हळू चालते, म्हणून तिच्यावर वेगवान नेटवर्क बांधतात. कोणतं किती पळतं आणि त्याचा लगाम किती जणांच्या हातात आहे, याची तुलना करून आम्ही रिपोर्ट देतो. वेग प्रमोदभाऊ मोजतात, हात सुजाता मोजते, आणि खाली सही माझी. घाबरायचं खातंही माझ्याकडेच आहे.

*

एकदा प्रमोदभाऊ खुर्चीतून उठून नाचायलाच लागले. "अबे, नोंद टाकली नाही की पक्की होऊन राहिली! असा स्पीड मी जिंदगीत नाही पाह्यला!"

दोन दिवस आम्ही त्या नेटवर्कला डोक्यावर घेतलं. मग सुजाताच्या लक्षात आलं, की भाऊंनी टेस्टसाठी भाड्याने घेतलेला सर्व्हर आणि त्या नेटवर्कचा सर्व्हर एकाच इमारतीत आहेत.

"भाऊ, तुम्ही तं स्वयंपाकघरातून बैठकीत चिठ्ठी देल्ली अन् पोस्टाचा स्पीड मोजला!"

मी सहीसाठी पेन उघडलं होतं. त्याला टोपण लावून मी ते कपाटात ठेवून दिलं.

*

दुसरं एक नेटवर्क भर दुपारी ठप्प झालं. एकही नोंद जाईना. सुजातानं कंपनीला फोन लावला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "मॅडम, सर लंच पे गए हैं. आके चालू कर देंगे."

हजारो लोकांच्या नोंदी, आणि सगळं अडलंय एका सरांच्या पोळीभाजीपाशी!

"माय वं," सुजाता म्हणाली, "सरले ठसका लागला तं?"

त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही डबा उघडला नाही.

*

असं काही झालं तर आपल्या नोंदी उचलून मूळ ब्लॉकचेनवर परत नेता आल्या पाहिजेत. तसा बाहेर पडायचा दरवाजा आमच्याकडे आहे, असं सगळेच सांगतात. एकाचा आम्ही उघडून पाहिला. बटण दाबलं. पडद्यावर आलं: 'आपली विनंती ऑपरेटरच्या मंजुरीसाठी पाठवली आहे.'

"म्हणजे ज्याच्यापासून पळायचं, त्यालेच विचारायचं!" प्रमोदभाऊ म्हणाले.

मी हसलो खरा, पण घरी गेल्यावर आधी मागच्या दाराची कडी उघडते का ते पाहिलं.

*

आता अरुणमामांचं. माझे हे मामा काटोलचे, संत्रावाल्यांच्या गटाचे अध्यक्ष. कोणाच्या बागेत कधी कोणती फवारणी झाली, याच्या नोंदी पाहूनच परदेशातला व्यापारी त्यांचा माल घेतो. आधी रजिस्टर एकाच माणसाकडे होतं. त्यानं आपल्या भावाच्या फवारणीची नोंद खोडून टाकली, तपासणीत औषध सापडलं आणि अख्ख्या गटाचा माल परत आला. तसं पुन्हा झालं तर गट मोडलाच.

"स्पीड कमी असला तं चालीन मले," मामा म्हणाले. "पण एकट्याचा हात नाही चालला पाह्यजे. तू सांगशीन ते घेतो."

तू सांगशीन! म्हणजे बुडाले तर माझ्या सहीनं.

तीन महिने तपासून आम्ही एक नेटवर्क निवडलं. सात देशांत सात माणसं, प्रत्येकाकडे एक चावी; पाच चाव्या लागल्याशिवाय नोंदीला हात लागत नाही. कागद चोख! मी सही केली. गटाच्या सगळ्या नोंदी तिकडे गेल्या. मूळ रजिस्टरं मामांनी स्वतः जाळली. पुन्हा कोणाच्या हाती लागायला नकोत म्हणून.

मग ते सदरला आले. "त्या सातही जणाइले एकडाव पाहू तं दे."

व्हिडिओ कॉल लागला. सात चौकटी, सात चेहरे, प्रत्येकाखाली वेगळ्या देशाचं नाव. सगळ्यांनी हात जोडले. मामा खूश. माझाही जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात सातही चौकटींत एकदम अंधार झाला; कॉल मात्र चालूच होता.

मामा पुढे वाकून पडद्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "सातही देशांतली लाईट एकाच टायमाले काहून गेली गा?"