देव काय काय नाही

निवृत्त झाल्यावर मी लंडनच्या पिनर भागातल्या चर्चच्या वाचनगटात जाऊ लागले, ते आमच्या शेजारीणबाईंमुळे. त्या पूर्वी स्वतः धर्मगुरू होत्या आणि लेमन केक फार सुरेख करायच्या.

"बाप्तिस्मा घेणार की काय?" नवऱ्याने क्रिकेटवरची नजर न हलवता विचारलं.

"केक खाऊन ठरवते."

पुस्तक छोटंसं, मूळ ग्रीक, दीडेक हजार वर्षांपूर्वी कुणा ख्रिस्ती साधूने लिहिलेलं. आम्ही इंग्रजी भाषांतर वाचत होतो. लेखकाचं म्हणणं एवढंच, की देवाबद्दल जे जे म्हणाल ते ते तो नाही. शरीर नाही, मन नाही, प्रकाश नाही, अंधारही नाही. पार्किंग परमिटसाठी कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, फोन केला की साधारण असंच ऐकायला मिळतं.

"आमच्याकडे याला नेति नेति म्हणतात," मी म्हटलं. सगळ्यांनी आदराने माना डोलावल्या. विलायतेत ऋषी व्हायला एवढं पुरतं.

पुस्तकातला साधक शेवटी सगळं जाणणं सोडून गडद अंधारात शिरतो. तिथे शेजारीणबाई थांबल्या. "तुम्ही भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना अंधारात पाठवलंत. तुम्हाला काय वाटतं?"

"पाठवलं आणि परतही आणलं. पण देव भेटल्याचं कुणी बोललं नाही. एका गृहस्थाने डोळे उघडताच मला लग्नाची मागणी घातली, तेवढाच साक्षात्कार."

हशा पिकला. समोरच्या आजी मात्र हसल्या नाहीत. मागच्या हिवाळ्यात त्यांचा नवरा ऑपरेशन टेबलावरच गेला होता. त्यांनी सरळ विचारलं, "त्याला काही कळलं असेल? एकटं वाटलं असेल?"

नातेवाइकांना देऊन देऊन गुळगुळीत झालेलं एक उत्तर माझ्याकडे तयार होतं. ते ओठांवर आलं आणि मला त्याचा कंटाळा आला.

"दुखलं नसणार, हे खात्रीने सांगते," मी म्हटलं. "त्यापुढचं मला माहीत नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सगळे सांगतात, तो देवाजवळ आहे. अहो, रविवारी चर्चचं नाव काढलं की त्याचे गुडघे दुखायचे! तो कसला देवाजवळ बसतोय?"

त्या हसल्या, मग रडायला लागल्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्या दिवशी पुस्तक पुढे सरकलं नाही.

पुढच्या वेळी त्या आजीच मला न्यायला गाडी घेऊन आल्या. ती अशी चालवली, की चर्च येईपर्यंत मी गणपतीपासून येशूपर्यंत सगळ्यांना हाका मारल्या.