राणीचं दुसरं लग्न

साउथहॅम्प्टनच्या लायब्ररीतली एक ऐतिहासिक कादंबरी मी आणि माझी मैत्रीण आलटूनपालटून वाचत होतो. त्यातली विधवा राणी दुसरं लग्न करते. नवरा जाऊन चार वर्षं झाल्यावर मीही करणार होते. मी तसा टेक्स्ट मेसेज पाठवताच दीर क्रॉयडनहून आला. "वहिनी, दादाची अब्रू घालवलीत तुम्ही," असं अहोजाहो करतच त्याने पुस्तक फाडलं आणि माझ्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. मी चहाचा कप त्याच्या कपाळावर फोडला. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने त्याच्या नाकावर ठोसा हाणला. हाडांची डॉक्टर असून बाईने अंगठा मुठीच्या आत ठेवला आणि स्वतःचाच मोडून घेतला.

रजिस्ट्री ऑफिसात साक्षीदार म्हणून तिने डाव्या हाताने सही केली. रजिस्ट्रारने प्लास्टरबद्दल विचारलं.

"लग्नाची तयारी," ती म्हणाली.