निपाणीला भाषांवर बोलायला गेलतो

चहा निवायच्या आत ऐका. माझी अशी फजिती झाली की आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा पाठीवरनं घामाच्या धारा लागलत्या.

मी बेळगावातल्या वडगावच्या विणकराच्या घरातला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झालो. निवृत्त मास्तराला कोण बोलावतंय सांगा? लग्नाला बोलावतात, तेबी आहेराचं नाव लिहून घ्यायला. अशात एक दिवस मंडईत उभा होतो आणि फोन वाजला. माझी जुनी विद्यार्थिनी सुनीता. ती आता निपाणीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते.

"सर, आमच्या पोरांसमोर भाषांच्या उगमावर बोलायला येतासा का?"

पुढं ती बरंच काय काय बोलली. पण शेजारी कोथिंबीरवाला घसा फोडून ओरडत होता. "मागच्या" असं कायतरी दोनदा ऐकू आलं. म्हटलं, मागच्या काळाबद्दल बोलत असेल. मी आपला "व्हय व्हय, येतो की" म्हणत राहिलो.

संध्याकाळी मोबाईलवर निमंत्रण आलं, इंग्रजीत. वर ठळक अक्षरात, 'ओरिजिन ऑफ प्रोग्रॅमिंग लँग्वेजेस'. मी बायकोला अर्थ समजावून सांगितला. ओरिजिन म्हणजे उगम, लँग्वेज म्हणजे भाषा आणि प्रोग्रॅम म्हणजे कार्यक्रम. भाषांच्या उगमाचा कार्यक्रम. आता हसू नका. तेव्हा मला ते एकदम बरोबर वाटलंतं.

बायकोनं हातातलं लाटणं खाली ठेवलं. "बेळगावात राहतासा आणि कुठली भाषा आधीची ह्यावर बोलणार? डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मराठी आधी म्हणावं, तर कॉलेजातली अर्धी माणसं उठून जाणार. कन्नड आधी म्हणावं, तर येळ्ळूरच्या कट्टर मराठी पाव्हण्यांच्या दारात पाऊल टाकायची सोय न्हाय. पण आता न्हाय तरी कसं म्हणायचं? गल्लीभर सांगून मोकळा झालतो. नवीन शर्टबी शिवायला टाकलता.

आठवडाभर भाषण लिहीत होतो. कुणालाच दुखवायचं नाही असं भाषण लिहून बघा कधीतरी. पहिल्यांदा लिहिलं, मराठी आणि कन्नड ह्या दोघी बहिणी. बायको म्हणाली, "थोरली कोण?" कागद फाडला. मग लिहिलं, दोघी जुळ्या. ती म्हणाली, "जुळ्यांतबी एक आधी जन्मते." तोही फाडला. शेवटी नद्या, आभाळ, माती असलं सगळं लिहिलं आणि भाषेचा उल्लेखच काढून टाकला.

त्या दिवशी कॉलेजच्या फाटकात बघतो तर एक पोलीस उभा. माझे पाय तिथंच थबकले. बातमी इथवर पोचली म्हणायची. त्यानंच जवळ येऊन विचारलं, "मास्तर, इथं चहा कुठं मिळतोय हो?" सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरची ड्युटी संपवून आलता बिचारा.

सुनीता सभागृहात तयारीला गेलती. मला घ्यायला विभागाचे प्रमुख हिरेमठ सर आले. नम्र माणूस. कन्नड वळणाचं मराठी बोलतात. चहा पुढ्यात ठेवून म्हणाले, "सर, जुनी भाषा सगळी मेली म्हणतात लोकं. खरं न्हाय ते. कोबोल अजून बँकेत चालतेय बघा."

ही कुठली बोली? गोव्याकडची असेल. मी म्हटलं, "आमच्या बँकेत कन्नड चालतं. मॅनेजर नवीन असला तर हिंदी."

ते लई हसले. मी काय विनोद केला ते मला कळलं न्हाय.

"पण आता पोरांना सी नको वाटते. सगळ्यांना जावा पाहिजे."

जावा म्हटल्यावर माझ्या जिवात जीव आला. जावा बेटाचं मी वाचलंतं कुठंतरी. म्हटलं, "जावाच्या भाषेत संस्कृत शब्द लई आहेत."

हिरेमठ सरांनी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. आणि म्हणाले, "ही गोष्ट मला कोणी सांगितली न्हवती."

मग सभागृहात गेलो. व्यासपीठावर हा मोठा फलक आणि त्यावर पाच कॉम्प्युटरांची चित्रं. एका चित्राखाली कोबोल लिहिलंतं, एकाखाली जावा. मी खुर्चीत बसलो खरा, पण खुर्ची खाली खाली जातेय असं वाटाय लागलं. समोर दोनशे पोरं. खिशात नद्या आणि आभाळ.

सुनीता शेजारी येऊन बसली. मी हळूच म्हटलं, "पोरी, मला वाचव. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत न्हाय."

"माहीत हाय की सर."

"मग मला का बोलावलंस?"

"फोनवर दोनदा सांगितलं न्हवं का? मागाच्या पत्त्यांबद्दल बोला म्हणून. तुम्ही शाळेत एकदा सांगितलंतं ते. तुम्ही व्हय व्हय म्हणालासा."

मागाच्या. मागच्या न्हवं, मागाच्या. आमच्या घरच्या हातमागाच्या.

काय सांगू, छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यागत झालं. मराठी न्हाय, कन्नड न्हाय, थोरली न्हाय, धाकटी न्हाय. नुसता माग. मी भाषणाचा कागद काढलाच न्हाय.

पोरांना सांगितलं, आमच्या वडलांच्या, म्हणजे आप्पांच्या, हातमागावर पुठ्ठ्याच्या लांबट पत्त्यांची माळ लोंबत असायची. पत्त्याला भोकं पाडलेली. भोक असलं की तिथला धागा वर उचलला जायचा, नसलं की खालीच राहायचा. एक पत्ता संपला की पुढचा. अशा शेकडो पत्त्यांतनं साडीच्या पदरावर मोर उतरायचा. मोर आप्पांच्या डोक्यात न्हवता, त्या भोकांत होता. एकदा पत्ते ओवायचं काम माझ्याकडं आलं आणि मोराची अख्खी जुडी मी उलटी ओवली. पदरावर मोर आला, पण मान खाली आणि पाय आभाळात. आप्पांनी सगळा पदर उसवायला मला शेजारी बसवून घेतलं आणि दर दोऱ्याला विचारलं, "आता कळलं का?"

पोरं खदखदून हसली. हिरेमठ सर उठून म्हणाले, "ही प्रोग्रॅममधली चूक. आम्हीपण असंच शोधत बसतो." मग त्यांनी पुढचं सांगितलं. मागाचे पत्ते बघून एका साहेबाला आकडेमोडीच्या यंत्राची कल्पना सुचली आणि त्या यंत्रासाठी एका बाईनं कागदावर आज्ञा लिहून ठेवल्या. लई वर्षांनी खरे कॉम्प्युटर आले, तेव्हा फोरट्रॅन आणि कोबोलसुद्धा भोकं पाडलेल्या पत्त्यांवरच लिहीत होते. मी तोंड उघडं टाकून ऐकत होतो. आमच्या आप्पांनी जन्मभर हेच केलं आणि त्यांना कुणी इंजिनिअर म्हटलं न्हाय.

टाळ्या झाल्या. मी हवेत. आता फक्त पोरांनी केलेल्या एका प्रोग्रॅमचं उद्घाटन उरलंतं. एक बटण दाबायचं की पडद्यावर साडीचा पदर विणला जाणार. मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. सुनीतानं बटण दाखवलं. मी ऐटीत बोट टेकवलं.

पण मागावर वाढलेल्या माणसाचा हात चालला की पाय गप्प बसत न्हाय हो. खाली मागाच्या पायफळीसारखं काहीतरी लागलं, ते मी सवयीनं दाबलं. तो सगळ्या सभागृहाच्या विजेचा बोर्ड होता. पडदा काळा, कॉम्प्युटर बंद, माईक बंद, डोक्यावरचा पंखा गरगरत थांबला.

अंधुक सभागृहात हिरेमठ सरांचा शांत आवाज आला. "सर, उद्घाटन करायला सांगितलंतं आम्ही. तुम्ही एकदम समारोपच केलासा."