पुसताना दाबलेलं बटण

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या आमच्या घरात समुद्राचा खारा वारा सगळ्यावर चिकट पुट चढवतो, म्हणून सुनेच्या कॉम्प्युटरचा पडदा मी रोज पुसायची. एकदा पुसताना त्याच्या खालच्या कडेचं बटण दाबलं गेलं. इंग्रजीत कसलीशी यादी उघडली. ती घालवायला मी आणखी बटणं दाबली. यादी गेली, पण पडदा पिवळट दिसायला लागला. माझी शाळा चौथीपर्यंत. वाटलं, आपल्यालाच तसं दिसतंय. गप्प राहिले. सुनेच्या लक्षात आलं नाही, तेव्हा आणखीच गप्प.

सून घरून साड्या विकते. नमुन्याची साडी शेजारी ठेवून ती पडद्यावरच्या फोटोचा रंग जुळवते. गिऱ्हाइकाला तशीच साडी कांचीपुरमचा विणकर तिकडून पाठवतो.

त्यानंतर तीन साड्या परत आल्या. फोटोत निळसर दिसली, हातात तशी नाही, अशी तिघींची तक्रार. चौथी परत आली तर तुमचं दुकान बंद, असं ऑनलाइन बाजारवाल्यांनी कळवलं.

त्या सकाळी ती फोनवर विणकराला झापत होती. "रंग बदललात ना? खरं सांगा!" तो म्हातारा आमच्याकडे जेवून गेलेला. एका लग्नघरी हिरव्या साडीचा फोटो बारापर्यंत जायचा होता. मी दारात फडकं पिळत उभी.

"काय अत्तै?" सासूला ती तमिळमधलं अत्तै म्हणते.

"तो म्हातारा खोटं बोलत नाही गं."

"मग कोण बोलतंय? मी?"

"हा पडदा." मी फडक्यानेच तिकडे दाखवलं. "पुसताना माझ्याकडून बटण दाबलं गेलं. तेव्हापासून तो पिवळा आहे."

"कधी?"

"तीन आठवडे झाले."

"तीन आठवडे! तोंडात काय धरलं होतं?"

मी फडकं खाली ठेवलं.

"कुठलं बटण?"

नाव माहीत नव्हतं, पण बोटाला जागा ठाऊक होती. कडेकडून दुसरं. यादी उघडली. तिने वाचलं, वाचनासाठीची, पडदा पिवळट करणारी सेटिंग चालू होती. तिने ती बदलली. पडदा पांढरा झाला, आणि तिने सकाळी जुळवलेली फोटोतली हिरवी साडी आमच्या डोळ्यांदेखत निळी पडली. पिवळ्या पडद्यावर रंग जुळवताना फोटोत निळा जास्त घातला गेला होता.

बारा वाजायला वीस मिनिटं होती.

"खिडकीशी साडी धरा. हलू नका."

ती फोटोचा रंग बदलत होती, मी हातातली साडी आणि पडदा ताडून सांगत होते.

"आता?"

"अजून पोपटी हवी."

"आता?"

"जरा जास्त झालं. हं, अशीच."

फोटो गेला. मग माझ्याकडे न बघता तिने विणकराला फोन लावला. "अय्या, चूक आमच्या घरची," तमिळमधलं आदराचं अय्या लावून ती एवढंच म्हणाली. कुणाची ते सांगितलं नाही. पलीकडून तो बराच वेळ बोलत होता, ती ऐकून घेत होती.

ती हिरवी साडी लग्नघरी ठेवून घेतली, हे कळायला आठ दिवस लागले. तोवर मी पडद्याला हात लावला नाही. त्यावर पुट चढलं. शेवटी तिनेच फडकं माझ्यापुढे केलं.

"पुसा, अत्तै. बटण लागलं तर तिथल्या तिथे ओरडा."