साडेपाच तासांची चूक

ती घटना आठवली की आजही मी दचकतो. गुन्हेगारामुळे नाही, माझ्या हातून जे झालं त्यामुळे.

निवृत्तीच्या आधी मी यवतमाळला सायबर पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे यायच्या त्या तक्रारी बहुतेक खोट्या फोनच्या आणि ओटीपीच्या. त्या दिवशी मारेगाव तालुक्यातले एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वडिलांनी मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. कॉम्प्युटरच्या पडद्याचा काढलेला फोटो होता. नाव, वय, गाव, आणि शेवटच्या रकान्यात कुणापुढे 'सिकलसेल रुग्ण', कुणापुढे 'सिकलसेल वाहक'. चौथ्या ओळीत या मुलीचं नाव होतं.

"आठ दिवसांवर लग्न होतं साहेब," वडील म्हणाले. "बुद्धविहार ठरला, पत्रिका वाटल्या. काल सकाळी हे गावभर फिरलं अन् संध्याकाळी पोराकडच्यायनं नाही म्हणून कळवलं."

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे मला त्या मुलीनेच समजावून सांगितलं. नवरा-बायको दोघेही वाहक असले तरच मुलांना धोका. तिच्या होणाऱ्या नवऱ्याची तपासणी झालेली होती, तो वाहक नव्हता.

"म्या त्याले आधीच सांगतलं होतं साहेब," ती म्हणाली. "त्याले चालत होतं. आता गावानं वाचलं, त घरच्यायले चालत नाही."

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. बोलून झाल्यावर तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली पाहत बसली. मी गुन्हा दाखल करून घेतला.

यादी एका सेवाभावी संस्थेची होती. संस्थेची माणसं गावोगाव, पोडापोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, जाऊन रक्त तपासत. नाव बाहेर जाणार नाही या शब्दावर लोक बोट पुढे करत. नोंदी ठेवलेला सर्व्हर पुण्यात होता आणि त्यावर काम करणारी एकच बाई. घरी अंथरुणाला खिळलेली सासू असल्यामुळे ती मारेगावातल्या आपल्या घरूनच काम करायची. लोक तिला नोंदणीताई म्हणत.

सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला मी फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, ओळखीच्या पत्त्यावरून आलेल्यालाच सर्व्हर आत घेतो. पण घरच्या इंटरनेटचा पत्ता कायमचा नसतो. लाइट गेली, राउटरचा डबा बंद होऊन परत चालू झाला की कंपनी नवा पत्ता देते. जुना दुसऱ्या कुणाच्या घरी जातो."

मारेगावात दिवसातून तीनदा लाइट जायची. दर वेळी ताईंनी फोन करायचा आणि याने नवा पत्ता यादीत घालायचा. दोघेही कंटाळले. शेवटी त्याने अशी सोय केली की ताईंचा लॅपटॉपच आपला नवा पत्ता सर्व्हरला कळवी आणि सर्व्हर त्या पत्त्याला दार उघडी. शिवाय एक चावी होती. चावी म्हणजे ताईंच्या लॅपटॉपमधली एक फाइल, तिला वेगळा पासवर्ड.

"आणि जुना पत्ता?" मी विचारलं.

"काही जुने पत्ते यादीतून काढायचे राहिले होते साहेब."

"म्हणजे तो पत्ता ज्याच्या घरी गेला, त्याला पहिलं दार उघडंच?"

"हो. पण चावी लागतेच."

सर्व्हरच्या नोंदवहीचा कागद त्याने पाठवला. अख्खी यादी एकदाच उघडली गेली होती, ताईंच्या नावाने, फोटो गावात फिरायच्या दोन दिवस आधी, सात वाजून पाच मिनिटांनी; शेजारी इंटरनेटचा पत्ता होता. ताई म्हणाल्या, "सकाळी सातले म्या कधीच बसत नाही. तवा पाणी भराचं असते." आम्ही इंटरनेट कंपनीला पत्र दिलं, त्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी हा पत्ता कोणाच्या घरी होता? उत्तर आलं. मारेगावातलेच एक शिक्षक. शाळेत कॉम्प्युटर शिकवणारे. चौकशीत कळलं की महिनाभरापूर्वी ताईंचा लॅपटॉप त्यांनीच दुरुस्त करून दिला होता.

पत्ता, चावी, संधी, सगळं एका माणसाजवळ. माझ्या मनात तपास तिथेच संपला.

नोटीस देऊन त्यांना बोलावता आलं असतं. मी गाडी घेऊन शाळेत गेलो, तेही भर शाळेच्या वेळात. सर वर्गातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना खडू लागलेला होता. खिडक्यांमधून पोरं पाहत होती. मारेगाव ठाण्यात आणून मी त्यांना समोर बसवलं. बाहेरच्या बाकावर त्यांची पत्नी डबा घेऊन येऊन बसली. तो डबा शेवटपर्यंत उघडला गेला नाही.

"साहेब, सकाळी सातले मी शाळेत होतो. सकाळची शाळा होती. हजेरीपटावर सही हाय माही."

"घरचं इंटरनेट चालू होतं ना? कॉम्प्युटरवाल्याला घरी बसावं लागत नाही."

पाच तास हेच चाललं. खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव. सर दर वेळी तेच, त्याच शब्दांत सांगत होते. मी मात्र त्याचा अर्थ लावला की माणूस पाठ करून आलाय.

शेवटी ते हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, मले तो कागद एकदा दाखवता काय?"

मी कागद सरकवला. त्यांनी चष्मा पुसला, बोट ओळीवरून नेलं आणि ओळीच्या टोकाशी थांबवलं.

"साहेब, येथं अधिकचं चिन्ह अन् चार शून्य हायेत. हे आपलं घड्याळ नाही. सर्व्हर जगाच्या मूळ वेळेवर चालून राह्यला. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढं. तुमचे सात वाजून पाच म्हणजे आपले दुपारचे बारा पस्तीस."

तो कागद अकरा दिवस माझ्या फाइलमध्ये होता. त्याच कागदावर ताईंच्या रोजच्या नोंदी पहाटे चार-पाचच्या दिसत होत्या. सासूचं करणारी बाई पहाटे चारला सर्व्हरवर काय करेल, असा प्रश्नसुद्धा मला पडला नव्हता. ज्याला मी आरोपी समजून बसवलं होतं, त्याने मला माझ्याच पुराव्यातली वेळ वाचायला शिकवली.

सरांना तिथूनच घरी पाठवलं आणि कंपनीला दुसरं पत्र दिलं, दुपारी बारा पस्तीसचं. सरांच्या घराचा पत्ता मधल्या लाइट जाण्यात सुटून दुसरीकडे गेला होता. उत्तरात नाव होतं नोंदणीताईंचं.

ताईंना दुपारी बोलावलं. महिला पोलीस शेजारी बसली. मी विचारलं, "त्या दिवशी दुपारी बारा पस्तीसला लॅपटॉप कुठे होता?"

"समोरच्या खोलीत, चालू. त्या वेळेले आतमंदी सासूबाईची आंघोळ चालू असते..." बोलता बोलता त्या थांबल्या. "अन् आमचे हे जेवाले येतात."

त्यांनी ते म्हटलं आणि त्यांनाच कळलं. महिला पोलिसाने पाणी दिलं, ग्लास हातातच राहिला.

"चावीला पासवर्ड होता ना?"

"लाइन तुटत होती साहेब. दर वेळेस टाका लागे. म्हणून म्याच काढून टाकला."

त्यांना गप्प राहता आलं असतं. नवरा जेवायला येतो हे मी विचारलेलंही नव्हतं. तरी त्यांनी जबाब पूर्ण दिला आणि खाली सही केली. सही करताना एकदाच विचारलं, "त्यायले आजच धरान काय?"

नवऱ्याचं मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान. शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. समोर बसल्यावर दहा मिनिटांत त्याने सांगून टाकलं.

"लहान भावासाठी पोरगी पाहून राह्यलो होतो साहेब. म्हटलं एक नाव यादीत हाय का तेवढं पाहावं. मले ते शोधाचं समजलं नाही, सगळीच यादी उघडली. फोटो काढला अन् बहिणीले पाठवला. फक्त बहिणीले. म्हटलं, तू पाहून घे."

"ज्या मुलीचं लग्न मोडलं, तिची चौकशी करत होतास?"

"नाही साहेब. ते पोरगी त मले माहीतबी नाही."

बहिणीने जावेला पाठवला, जावेने माहेरी. दोन दिवसांत तो फोटो त्या मुलीच्या गावात पोचला. इतक्या वर्षांत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण हे असलं काही पाहिलं नव्हतं. दूर कुठे बसलेला कुणी हॅकर नव्हता. कुणाचं वैर नव्हतं. एका माणसाने जेवणाआधी बायकोचा लॅपटॉप पाहिला, एवढंच घडलं होतं.

दोषारोपपत्र गेलं. संस्थेने नवीन व्यवस्था केली. घरचा पत्ता कितीही बदलो, आता आधी एका बंदिस्त वाटेवर ओळख पटवावी लागते, आणि दर वेळी मोबाईलवर आलेला आकडा टाकल्याशिवाय यादी उघडत नाही. दोन गावांनी मात्र पुढे बराच काळ तपासणीच्या गाडीला गावात येऊ दिलं नाही.

सरांची माफी मी त्यांच्या घरी जाऊन मागू शकलो असतो. पण नेलं होतं पोरांसमोरून. म्हणून प्रार्थनेच्या वेळी शाळेत गेलो आणि रांगेत उभ्या पोरांना सांगितलं, की तुमच्या सरांना मी चुकीने नेलं होतं आणि ती चूक त्यांनीच मला दाखवली. सरांनी हात जोडले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. ते बरोबरच होतं.

ती मुलगी साक्षीसाठी कोर्टात आली तेव्हा सरकारी दवाखान्यात नोकरीला लागलेली होती. लग्न झालं नव्हतं. व्हरांड्यात तिनेच मला ओळखलं. नोंदणीताईंनी काम सोडल्याचं मला माहीत होतं. त्यानंतरचं तिने सांगितलं. ताई त्या यादीतल्या एकेका घरी पायी गेल्या होत्या. काही ठिकाणी शिव्या मिळाल्या, काही ठिकाणी कुणी बाहेरच आलं नाही.

"आमच्या घरीबी आल्या होत्या," ती म्हणाली. "आई बोलली नाही त्यायच्याशी. म्या चहा दिला."

"राग नाही आला?"

"आला न साहेब. पण त्या आल्या त. ज्यायनं ज्यायनं तो फोटो पुढं पाठवला, त्यायच्यातला एकबी आला नाही."

माझ्याही मोबाईलवर तो फोटो कुणीतरी पाठवला होता. तक्रार येण्याच्या आदल्या दिवशी. मी पाहिला होता आणि पुढच्या निरोपाकडे वळलो होतो. हे मी तिला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.