नाकाला न लावलेला मोगरा

"तुम्हाला मोगरा चालत नाही," भाईंदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि शेजारी बसलेले आमचे हे खाली मान घालून टोपीची घडी करत राहिले. ती मान खाली का गेली ते कळायला मला वर्ष लागलं. तेव्हा वाटलं, बायकोच्या दुखण्याने माणूस खचला.

डॉक्टरांनी छातीला नळी लावून पुढून-मागून ऐकलं. "अॅस्थमा आहे," ते म्हणाले. अॅस्थमा म्हणजे दमा. छातीतल्या श्वासाच्या नळ्या आवळतात, घेतलेला श्वास बाहेर सोडता सोडवत नाही आणि आत शिट्टी वाजते. "क्षय नाही, घाबरू नका. पण तुम्ही दिवसभर फुलांत बसता. फुलं सोडा. अंगणातली झाडंही काढून टाका."

झाडं काढून टाका. सांगणाऱ्याचं काय जातंय?

ही हकीकत दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षापासूनची. ती लिहून ठेवतेय, कारण पावडर, वासाचं तेल, सेंट यांनी जीव घाबरा होणारी मी एकटीच नसणार. अशा बाईला लोक नखरेल म्हणतात. म्हणू देत. निदान तिने तरी स्वतःला नखरेल समजू नये.

राई गावात आमचं घर. खाडीच्या बाजूला मिठागरं, अलीकडे मोगऱ्याच्या वाड्या. लग्नानंतर मी मुर्ध्याच्या माहेराहून मोगऱ्याची कलमं ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली आणि अंगणात लावली. चाळीस जगली. हे आधी मिठागरावर कामाला होते. झाडांना बहर येऊ लागला तसे ते फुलं घेऊन मुंबईच्या बाजारात जाऊ लागले. मी पहाटे कळ्या खुडायची आणि ओटीवर बसून गजरे, हार करायची.

आमच्याकडची एक रीत इथे सांगायलाच हवी, सगळा घोळ तिच्यापायी झाला. देवाला जायचं फूल नाकाला लावायचं नाही. वास घेतला की फूल उष्टं झालं. आता कुठला हार देवाला जाईल आणि कुठला नवरीच्या गळ्यात, हे ओवताना कुणाला ठाऊक? म्हणून कुठल्याच फुलाचा वास घ्यायचा नाही. लहानपणी मी एकदा कळी नाकाशी नेली तर आईने पाठीत असा धपाटा घातला की हातातली सुई पडली. तेव्हापासून इतक्या कळ्या या बोटांतून गेल्या, पण एक नाकापर्यंत गेली असेल तर शपथ.

दुखणं फाल्गुनात सुरू झालं. आधी नुसत्या शिंका आणि डोळ्यांना पाणी. मग कपाळ ठणकायला लागलं. मग बोटांची टोकं लाल होऊन सोलवटली. चैत्र लागला तसा श्वास अडकायला लागला. ओटीवर बसलं की घटकाभरात छाती भरून यायची आणि परसात विहिरीपाशी गेलं की उतरायची.

त्याच सुमारास आमचे हे मला कधी नव्हे तो हातभार लावू लागले होते. कळ्या सुकू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं फडकं घालतात. ते फडकं हे स्वतः भिजवून, पिळून आणून द्यायचे. मी शेजारणींना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, नशीब काढलंस बाई. वासही त्या वर्षी दांडगा होता. मी एकदा म्हटलंदेखील, "यंदा मोगरा काय घमघमतोय."

"शेणखत चांगलं पडलंय," हे म्हणाले. मी मान डोलावली. मूर्खासारखी.

डॉक्टरांकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी यांनी कुदळ घेतली. जेवणवेळेपर्यंत चाळीसच्या चाळीस झाडं मुळांसकट उपटून कुंपणाशी टाकली. त्यांवर कळ्या होत्या. मी दाराआड उभी राहून रडले. हे घाम पुसत म्हणाले, "जीव मोठा का झाडं? झाडं काय, परत लागतील." माझ्यासाठी यांनी चालता धंदा मोडला, असं वाटून मला त्या माणसाबद्दल भरून आलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

धंदा कुठला मोडायला. हे गावातल्या इतर घरांतून कळ्या घेऊ लागले आणि माझी नणंद जना ओटीवर बसून ओवू लागली. मला आत माजघरात बसवलं. झाडं गेली, दमा राहिला. पावसाळ्यात हंगाम संपला तेव्हा बरं वाटलं, म्हणून डॉक्टरांचं म्हणणं मला पटतच गेलं. पुढच्या फाल्गुनात पुन्हा ये रे माझ्या मागल्या. कुणी काढे दिले, कुणी अंगारा लावला, कुणी धोतऱ्याच्या पानांची विडी ओढायला सांगितली. तीही ओढली. जीव घुसमटला की लाजलज्जा राहत नाही.

ज्येष्ठात एका सकाळी माझे ओठ निळे पडले. मला बैलगाडीत घालून भाईंदर स्टेशनावर आणि तिथून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे अॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. आवळलेल्या नळ्या सैल करणारं ते औषध. काळीज धडधडलं, हात थरथरले, पण हवा आत-बाहेर होऊ लागली. मग एक्स-रे काढला, म्हणजे छातीच्या आतला फोटो. त्यासाठी लाकडी बाकावर अर्धा दिवस बसून होते. फोटोत काही निघालं नाही.

तिसऱ्या दिवसापासून मी सरळ झोपू लागले. पाचव्या दिवशी एक नवी नर्स ताप बघायला वाकली. चेहऱ्याला पावडर थापलेली, गळ्यापर्यंत. तिने नळी माझ्या तोंडात घालायच्या आत माझी छाती शिट्टी वाजवू लागली. वॉर्डात एक फूल नव्हतं.

वॉर्डाचे म्हातारे पारशी डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी नर्सला लांब पाठवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर पॅच टेस्ट केली. म्हणजे संशय असलेल्या वस्तू कापडाच्या तुकड्यांवर घेऊन कातडीवर चिकटवतात आणि दोन दिवसांनी उघडून बघतात. धूळ, पावडर, वासाचं तेल, फुलाची पाकळी. पावडर आणि तेलाच्या जागी फोड आले. पाकळीची जागा कोरी.

"बाई, आता नाकाची परीक्षा," डॉक्टर म्हणाले, आणि यांना ताजा मोगरा आणायला सांगितलं. यांनी गावी जाऊन शेजारच्यांच्या झाडावरच्या कळ्या खुडून पानात बांधून आणल्या. इस्पितळाजवळ फुलवाले बसलेले असताना एवढ्या लांबून का आणल्या, हे मला तेव्हा सुचलं नाही.

"नाकाला लाव."

मी हात मागे घेतला. रीत सांगितली. डॉक्टरांनी ती नीट ऐकून घेतली, हसले नाहीत. म्हणाले, "हे फूल देवाचं नाय, दवाखान्याचं हाय. लाव."

तेव्हा मी वयाच्या तिशीत पहिल्यांदा मोगरा नाकाला लावला. थंड, हलका, देठाकडचा थोडा हिरवा वास. आमच्या ओटीवर भरून राहायचा तो गोडमिट्ट, घशाला चिकटणारा वास हा नव्हेच. अर्धा तास मी ती कळी धरून बसले. छाती स्वच्छ होती. मला रडू आलं. माझ्या झाडांनी माझं काही बिघडवलं नव्हतं.

"तुला अॅलर्जी हाय," डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे शरीराला एखादी गोष्ट सोसत नाही आणि ते तिच्याशी भांडायला उठतं. "ती फुलाची नाय. बाटलीतल्या वासाची. सिंथेटिक." म्हणजे फुलापासून न काढता कारखान्यात रसायनांतून बनवलेला वास. मग ते यांच्याकडे वळले. "घरात सेंट, वासाचं तेल, असं काय हाय?"

"न्हाय साहेब," हे म्हणाले. "मीठभाकरीचं घर आमचं. आमच्याकडं कुठला सेंट?" आणि टोपीची घडी करू लागले.

मी घरी आले. चौथ्या दिवशी माजघरात पुन्हा छाती भरली. पण आता माझं नाक शहाणं झालं होतं. मी भिंत धरत ओटीवर गेले, जनाच्या पुढ्यातलं ओलं फडकं उचललं आणि नाकाशी नेलं. तोच वास, गोडमिट्ट.

"वयनी, उष्टं करतेस काय?" जना ओरडली. मग माझा चेहरा बघून गोंधळली. "बाटलीचा वास हाय तो. दादा पान्यात घालतो ना. दुसऱ्या दिवसाच्या कल्या हायत, त्यांना सोताचा वास कुठं? तुला ठाव न्हाय?"

मला ठाव नव्हतं. नणंदेला ठाऊक होतं, फुलं देणाऱ्या घरांना ठाऊक होतं, बाजारात तर असणारच. ज्या फडक्याचं मी गावभर कौतुक केलं, त्याच फडक्याने दोन हंगाम माझा गळा आवळला होता. शिळ्या कळ्या ताज्या म्हणून खपत होत्या, कारण लांबून घमघमाट यायचा आणि आमच्या रीतीने फूल नाकाला लावून बघणारं कुणी नव्हतंच. आणि मला कळलं की यांनी इस्पितळात कोऱ्या कळ्या का आणल्या होत्या: बाजारातल्या फुलांना बाटली लागलेली असते आणि ती मला बाधते, हे यांना तेव्हाच ठाऊक होतं.

हे संध्याकाळी आले. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू गजरे केले असतेस?"

"आणि झाडं उपटली तेव्हा?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"आणि मोठ्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा?"

हे टोपी घालून बाहेर निघून गेले. मी दोन दिवस चूल पेटवली नाही. तिसऱ्या दिवशी यांनी गावदेवीसमोर नारळ फोडून शपथ घेतली की बाटली पुन्हा घरात येणार नाही. हंगाम संपतच आला होता. भाद्रपदात लढाई सुरू झाली. लढाईची सगळी वर्षं मला एकदाही दम लागला नाही. मी या माणसाला माफ केलं. यांनी शब्द पाळला म्हणून मी देवीचे मंगळवार धरले आणि एकदाही मोडले नाहीत. ओटीवर पुन्हा मीच ओवायला बसू लागले.

लढाई संपली. पुढच्या चैत्रात गावदेवीची पालखी आमच्या दारात येणार होती. आमच्याकडचा हार देवीला घालायचा मान होता आणि तो हार यांनी जनाकडून तिच्या घरी करून घेतला होता. तबक आत आलं आणि उंबऱ्यापाशीच माझ्या घशाला तो वास चिकटला. मी जनाकडे बघितलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "लढाईत इलायती माल येतच न्हवता, वयनी. बाटली मिलतच न्हवती. आता मिलते."

म्हणजे माझे सगळे मंगळवार त्या न मिळणाऱ्या बाटलीला गेले. पहिल्या फसवणुकीला निदान भीती होती, धंद्याची हाव होती. या दुसऱ्या वेळी माझा जीव जातो हे डोळ्यांनी बघितलेल्या माणसाने हे केलं होतं. मी तेवढ्याही किमतीची नव्हते.

पालखी दारात टेकली. बायका आरत्या घेऊन उभ्या होत्या. मी तबकातला हार उचलला आणि सगळ्यांच्या देखत नाकाला लावला.

गडबड उडाली. म्हातारे पुजारी पुढे आले. "काय केलंस पोरी? आता हा देवीला कसा घालायचा?"

छाती भरत होती. उंबऱ्यावर बसत मी जमेल तसं सांगितलं, "मी नाही उष्टा केला, काका. तो बाटलीने आधीच उष्टा केलाय. तुम्ही बघा."

पुजाऱ्यांनी हार हातात घेतला. साठ वर्षं देवीची पूजा केलेल्या त्या माणसाने मग डोळे मिटून तो नाकाशी नेला. त्यांनी हार तबकात परत ठेवला आणि पालखी उचलायला सांगितली. आमच्या दारातून देवी हाराशिवाय गेली. हे अंगणात उभे होते, टोपी हातात घेऊन.

मला सावरायला दोन दिवस लागले. त्यानंतर गावात कुणी आमच्याकडून न हुंगता हार घेतला नाही, आणि बाटली गेली ती गेलीच. शपथेने जे झालं नाही ते गावाच्या नाकांनी केलं.

तुमच्यापैकी कुणाचा श्वास असा अडकत असेल तर एवढंच सांगते. तो कुठे अडकतो आणि कुठे मोकळा होतो, ते स्वतः लक्षात ठेवा. घरात काय येतं ते दुसऱ्याला विचारू नका, स्वतः हुंगून बघा. त्या पारशी डॉक्टरांना मी रोज देवापाशी आठवते. त्यांनी माझा दमा ओळखला, त्याहून मोठं म्हणजे माझं नाक मला परत दिलं.

अंगणात आता अकरा झाडं आहेत, माहेरचीच कलमं. पहिली कळी मी नाकाला लावते, मग देवाला. आमचे हे अजून याच घरात असतात, वेळेवर जेवायला वाढते, दुखलंखुपलं तर बघते. फडकं मात्र माझं मी भिजवते.